वयाचा रकाना

गेल्या महिन्यात एका सकाळी नऊच्या सुमारास बेबीचा फोन आला. मी शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. एकसष्ट पूर्ण झाली, पण माहेरचं नाव काही सुटत नाही. गेली तीसेक वर्षं ती अमेरिकेत, ओहायोतल्या सिनसिनाटीला असते. आमचे सकाळचे नऊ म्हणजे तिचे रात्रीचे साडेअकरा, आणि ही बाई दहाला झोपणारी. काहीतरी बिनसलंय हे तिने तोंड उघडायच्या आधीच कळलं.

"ताई, मला काढलं गं."

अशा वेळी काय बोलतात ते मला आजवर जमलेलं नाही. मी म्हटलं, "जेवलीस का?" त्यावर ती आधी हसली आणि मग रडली.

एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात ती एकोणीस वर्षं होती. तिच्यासकट अकरा जणांना एकाच दिवशी बोलावून सांगितलं आणि प्रत्येकाच्या हातात चौदा पानी करार ठेवला. सही केली तर अमुक आठवड्यांचा पगार मिळणार. त्या बदल्यात कंपनीवर दावा लावणार नाही असं लिहून द्यायचं.

"सही कधीपर्यंत करायची?" मी विचारलं. दुसऱ्या कोणी बाकीचं काही विचारलं असतं, मी हेच विचारलं.

"पंचेचाळीस दिवस आहेत. आणि सही केल्यावरही सात दिवसांत मागे घेता येते."

मी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. म्हटलं, ते कागद मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव.

मोबाइलवर मला एवढं बारीक वाचवत नाही. कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या तोंडाशी झेरॉक्सवाला आहे, त्याच्याकडे प्रिंट काढली. "आजी, पाठपोट करू का?" म्हणाला. नको म्हटलं, मागच्या बाजूला मला लिहायचंय. चौदा पानांचे अठ्ठावीस रुपये झाले.

पहिली बारा पानं वकिली होती, पण समजत होती. शेवटच्या दोन पानांवर तक्ता होता. हुद्दा, वय, कमी केलेल्यांची संख्या, ठेवलेल्यांची संख्या. नावं कुठेच नाहीत, नुसती वयं. बेबीच्या हुद्द्यासमोर ६१ आणि पुढे १. त्याच्या वर ५९, ५८, ५७, ५४. 'ठेवलेल्या'खाली २९, ३१, ३४, ३६, मध्येच एक ५२. चाळिशीतले दोन्हीकडे थोडे थोडे.

तो तक्ता बघून माझ्या हाताला जरा कंप सुटला. वयाने सुटतो तसा नाही. अशी यादी मी टाइप केलेली आहे. फरक एवढाच की माझी यादी कुलपात गेली आणि ही तिच्या हातात दिली.

मी १९७९ साली भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्लार्क-टायपिस्ट म्हणून लागले. खातं पर्सनल. एचआर हा शब्द पुष्कळ नंतरचा. शेजारी टाइम ऑफिस, समोर पंचिंगची रांग, आणि वर्षभर नाकात कूलंटचा वास. गाड्यांचे सुटे भाग बनायचे. शिवाजीनगरहून सकाळी सव्वासहाला कंपनीची बस निघायची. तेवीस वर्षं मी त्या बसमध्ये डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर बसले.

२००२ चा नोव्हेंबर. दिवाळीचा बोनस वाटून दोन आठवडे झाले असतील. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि हिरव्या शाईने लिहिलेले फुलस्केप कागद दिले. "बाई, कॉम्प्युटरवर नको. तुमच्या जुन्या मशिनवर करा." कॉम्प्युटर आले होते, पण एकमेकांना जोडलेले, कोण कुठून काय उघडेल याचा भरवसा नव्हता. कोपऱ्यात रेक्झिनच्या खोळीत गोदरेजचं टाइपरायटर होतं. एक मूळ प्रत, एक कार्बन प्रत. पानागणिक कार्बन नवा घ्यायचा आणि वापरलेला साहेबांकडे आणून द्यायचा. वापरलेला कार्बन ते स्वतः फाडत. एकदाच वापरलेला कार्बन उजेडात धरला की सगळं वाचता येतं, हे पर्सनलमधल्या माणसाला सांगायला लागत नाही.

त्रेसष्ट नावं, चार पानं. रकाने: अनुक्रमांक, टोकन नंबर, नाव, हुद्दा, जन्मतारीख, वय, नोकरीची वर्षं, राहिलेले महिने, शेरा. दुसऱ्या पानापर्यंत माझ्या लक्षात आलं की वयाच्या रकान्यात चाराचा आणि पाचाचा आकडाच सारखा पडतोय. तिसाच्या घरातले दोन की तीन. ते कोण? ज्यांचं साहेबांशी पटत नव्हतं ते.

चौथ्या पानावर सत्तावन्न नंबरला मी होते. क्लार्क-टायपिस्ट, वय ४७. साहेबांनी माझं आडनाव चुकीचं लिहिलं होतं. तेवीस वर्षं रोज त्याच आडनावाने हाक मारणाऱ्या माणसाने. मी ते दुरुस्त करून टाइप केलं आणि अठ्ठावन्नवर गेले.

आता हे सगळं 'स्वेच्छानिवृत्ती' का, 'कपात' का नाही, हे तरुण वाचकांसाठी सांगते. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम २५-एन प्रमाणे शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायची तर आधी सरकारची परवानगी लागायची. (२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ही संख्या ३०० झाली.) आमच्याकडे शंभराच्या पुष्कळ वर माणसं होती. पण त्याच कायद्यातल्या कपातीच्या व्याख्येत कामगाराने स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती बसत नाही. म्हणजे माणसाने आपल्या हाताने लिहून दिलं की परवानगी वगैरे काही नको. शॉपमध्ये, म्हणजे मशिनांकडे, लोक म्हणायचे, स्वेच्छा साहेबांची, निवृत्ती आमची.

सोमवारी बोर्डावर नोटीस लागली, शेवटची तारीख शनिवार. मधला गुरुवार आमची सुट्टी. म्हणजे हातात पाच दिवस. सही न करणाऱ्यांची परराज्यातल्या डेपोत बदली होणार अशी वावडी मंगळवारी उठली. ती कोणी उठवली ते मला माहीत आहे, पण तो माणूस आता हयात नाही. जाऊ दे. मी शुक्रवारी सही केली, एक रुपयाच्या रेव्हेन्यू स्टँपवर.

बेबीच्या करारातल्या त्या पंचेचाळीस दिवसांचं मूळ काय, ते शोधायला मला आठवडा लागला. तिच्या वकीलबाईंनी तिला समजावलं, तिने मला, आणि उरलेलं मी वाचून काढलं. सत्तरीत डोळ्यांना त्रास होतो, पण पर्सनलची खोड जात नाही.

मूळ गोष्टीतली बाई बेबीच्याच काउंटीतली निघाली. जून बेट्स तिचं नाव. सिनसिनाटी ज्या हॅमिल्टन काउंटीत येतं, तिथल्या सरकारी मंडळाने तिला १९७८ साली नोकरीवर घेतलं. बोलण्यात अडचण असलेल्यांवर उपचार करणं हे तिचं काम. पुढे तिला अल्झायमरने गाठलं. १९८५ साली नोकरी सोडावी लागली तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती. ओहायोच्या सरकारी नोकरांच्या निवृत्ती योजनेत अपंगत्वाची पेन्शन साठीच्या आतल्यांनाच मिळायची. साठ ओलांडलेल्यांना फक्त नोकरीच्या वर्षांवर. जूनला त्या हिशोबाने महिन्याला १५८.५० डॉलर बसत होते. अपंगत्वाची पेन्शन मिळाली असती तर ३५५ च्या आसपास. आजार तोच, नोकरीची वर्षं तीच. फक्त एक वाढदिवस आड आला होता.

अमेरिकेत चाळिशीपुढच्या नोकरदारांशी वयावरून भेदभाव करायला १९६७ पासून कायद्याने बंदी आहे. जून त्या कायद्याखाली कोर्टात गेली, खालच्या कोर्टात जिंकली, वरच्याही. मग सर्वोच्च न्यायालयात जून १९८९ मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल तिच्या विरोधात गेला. न्यायालयाने म्हटलं, पगार, बढती, काढून टाकणं यांत वय बघायचं नाही हे खरं, पण पेन्शन-विमा अशा सोयींच्या योजनांना त्या कायद्यातच सूट आहे. म्हणजे भत्त्यांना आणि सोयींना कात्री लावायची वाट मोकळी झाली.

तिथल्या संसदेला हे पटलं नाही. सिनेटर प्रायर, मेट्झेनबॉम वगैरे मंडळींनी उचल खाल्ली, वर्षभर घासाघीस झाली, उद्योगवाल्यांनी खर्चाचा बाऊ केला, काही तडजोडी झाल्या, आणि १६ ऑक्टोबर १९९० ला राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी सही केली. वयस्कर कामगारांच्या लाभांना संरक्षण देणारा कायदा. त्याचा पहिला भाग सरळ त्या निकालावर उतारा. तत्त्व असं: म्हाताऱ्या माणसाला तरुणाइतकाच लाभ द्या, नाहीतर निदान त्याच्यावर तेवढाच पैसा खर्च करा. आयुर्विम्याचं उदाहरण घ्या. साठीच्या माणसाला तेवढ्याच हप्त्यात कमी रकमेचा विमा मिळतो, तर कमी चालेल. पण हप्ताच कमी भरून "तुमचं वय झालं" म्हणायचं नाही. मला हे आवडलं. वय वाढलं की खर्च वाढतो हे कोणी नाकारत नाही, फक्त त्या वाढीच्या नावाखाली वर आणखी काही कापू नका.

इथे मला आबा आठवले. खरं तर त्यांच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं असावं.

आबा लेथवर होते. १९७३ पासून कारखान्यात, म्हणजे २००२ ला एकोणतीस वर्षं. गाव जुन्नरकडचं. आमच्या योजनेत नुकसानभरपाईचा हिशोब असा होता: झालेल्या प्रत्येक वर्षाला दीड महिन्याचा पगार, किंवा निवृत्तीला राहिलेले महिने गुणिले पगार, दोन्हींपैकी कमी असेल ते. हे 'कमी असेल ते' मी त्रेसष्ट वेळा टाइप केलं. एकोणतीस वर्षांचे दीड महिन्याने साडेत्रेचाळीस महिने होतात. पण आबांची जन्मतारीख रजिस्टरला १ जून १९४६. अठ्ठावन्नला निवृत्ती, म्हणजे डिसेंबर २००२ नंतर राहिले सतराच महिने. आबांना सतरा महिन्यांचा पगार. माझ्यासारख्या सत्तेचाळिशीच्या बाईला नोकरीची सहा वर्षं कमी असून साडेचौतीस महिन्यांचा.

१ जून हा महाराष्ट्रातल्या अर्ध्या कामगारांचा वाढदिवस आहे. ज्या पोराची जन्मतारीख कोणाला माहीत नाही त्याच्या दाखल्यावर गुरुजी १ जून लिहायचे, म्हणजे शाळा सुरू होताना वय बरोबर भरतं. आणि साल? साल हातावरून. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की तो सहा वर्षांचा. आबा लहानपणापासून उंच, हाडापेराने दांडगे. चार वर्षांचे असताना मोठ्या भावाच्या मागे शाळेत गेले, गुरुजींनी हात फिरवायला सांगितला, तो कानाला लागला. लिहिलं १९४६.

"आई सांगायची, गांधीबाबा गेले त्या साली पावसात झालास," आबा मला म्हणाले. बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले होते, दोन्ही हात कॉटन वेस्टने पुसत. म्हणजे १९४८. म्हणजे दोन वर्षं. चोवीस महिने. त्यांचा बेसिक-डीए धरून पगार ६,२०० होता. मी टेबलावरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात गुणाकार केला: १,४८,८००.

"बाई, तारीख बदलता येईल का?"

मी म्हटलं, आबा, नोकरी संपताना जन्मतारीख बदलून मागितली की कोर्टही ऐकत नाही, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यापुढे आईच्या आठवणीला कोण विचारतो. हे खरंच होतं. पण त्या वेळी मला हेही माहीत होतं की यादी आधीच ठरली आहे, ते तीन नंबरला आहेत, आणि 'बदली'ची वावडी ही वावडीच आहे. यातलं मी त्यांना काही सांगितलं नाही. गोपनीय कागद. आबांनी कॅलेंडरवरचा आकडा बघितला, "एवढे का?" म्हणाले, आणि हात पुसत परत गेले.

जून बेट्सच्या पेन्शनचा आकडा वाचला तेव्हा मला तो कॅलेंडरचा कोपरा दिसला. तिच्या आड साठावा वाढदिवस आला, आबांच्या आड एका गुरुजींनी काढलेला.

असो. कायद्याच्या दुसऱ्या भागाकडे येते, कारण बेबीचे पंचेचाळीस दिवस त्यात आहेत. नोकरदाराने आपला वयाबाबतचा हक्क सोडून देत असल्याचं लिहून दिलं तर ते लिहिणं केव्हा खरं मानायचं, याच्या अटी तिथे घातल्यात. मी त्या माझ्या फॉर्मशेजारी ठेवून वाचल्या. फॉर्मची झेरॉक्स अजून आहे, एलआयसीच्या फायलीत.

पहिलंच: करार सही करणाऱ्याला समजेल अशा भाषेत हवा. आमचे त्रेसष्ट फॉर्म इंग्रजीत होते. मुळशी, खेड, जुन्नरची माणसं, निम्मी सातवी-आठवी. मी कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता कितीकांना तोंडी अर्थ सांगितला, आणि दर वेळी कोणी साहेब आला की गप्प बसले.

सहीनंतर पुढे उद्भवणारे हक्क आधीच लिहून घेता येत नाहीत. आमच्या सहाव्या कलमात होतं की माझा कंपनीवर भूतकाळातला, वर्तमानातला आणि भविष्यातला कसलाही हक्क नाही. भविष्यातला! ज्योतिषीसुद्धा एवढं पुढचं बोलत नाही.

मग ही एक अट, जी वाचून मी चहा गार होऊ दिला. हक्क सोडण्याच्या बदल्यात जे द्यायचं ते माणसाला तसंही मिळणार असलेल्याच्या वर हवं. आमच्याकडे बोर्डावर माझ्यासारखीच्या नावापुढे 'सुमारे तीन लाख' असा आकडा होता आणि लोक तो बघून सह्या करत होते. फोड मी केली, कारण ते माझंच काम. भरपाई म्हणजे ५,९०० गुणिले साडेचौतीस: २,०३,५५०. ग्रॅच्युइटी, ५,९०० गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले तेवीस वर्षं: ७८,२८८. उरलेली शिल्लक रजा. ग्रॅच्युइटी तर तेव्हाच्या १९७२ च्या कायद्याने पाच वर्षं भरली की मिळायचीच, सही करा नाहीतर राजीनामा द्या. रजेचा पैसा आपला घाम. म्हणजे जवळजवळ एक लाख माझेच, त्यांनी रिबीन बांधून परत दिले.

वकिलाचा सल्ला घ्या असं लेखी सांगावं लागतं. आमच्या नोटिशीत 'अधिक माहितीसाठी पर्सनल खात्याशी संपर्क साधावा' असं होतं. म्हणजे माझ्याशी.

आणि दिवस. एकट्याला काढलं तर विचाराला एकवीस, एकाहून जास्त जणांच्या योजनेत पंचेचाळीस. वर सहीनंतर सात, त्यात माघार घेता येते. घोळक्याने काढताना ती यादी द्यायची: कोणत्या खात्यातून निवडलं, कोणते हुद्दे, कमी केलेल्यांची वयं, ठेवलेल्यांचीही वयं. 'चाळीस ते पन्नास' असे गठ्ठे चालत नाहीत, एकेक वय वेगळं. कायदा करणाऱ्यांत कोणीतरी पर्सनलमधला असणार, त्याशिवाय हे सुचत नाही. नाव लपवलं तरी चालेल, पण वयाचा रकाना उघडा ठेवा, म्हणजे ज्याचं त्याला बोटाने मोजता येतं.

या अटी मोडल्या तर? लुइझियानात वीज कंपनीत डोलोरेस उब्रे नावाची बाई होती. तिला विचाराला चौदाच दिवस दिले, मागे फिरायचे सात दिले नाहीत. तिने सही केली, हप्त्याहप्त्याने ६,२५८ डॉलर घेतले, आणि मग वयाच्या भेदभावाचा दावा लावला. कंपनी म्हणाली, आधी पैसे परत कर. १९९८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो कागद कायद्यात बसत नाही तेव्हा तिचा हक्क गेलेलाच नाही, पैसे परत न करताही दावा चालेल. काढलेल्या माणसाकडे ते पैसे शिल्लक कुठून असणार, एवढं तरी तिथे कोणाच्या लक्षात आलं.

अमेरिकेचं गुणगान करते असं समजू नका. बेबीनेच मला जमिनीवर आणलं. "अगं, हा कायदा नोकरी वाचवत नाही. इथे कारण न देता काढतात, नोटीस-बिटीस काही नाही." तिची खरी धास्ती आरोग्य विम्याची. सरकारी मेडिकेअर पासष्टीला सुरू होतं. मधली चार वर्षं कोण बघणार? कंपनीचा विमा दीड वर्ष चालू ठेवता येतो, पण हप्ता सगळा आपण भरायचा, कंपनीचा वाटासुद्धा, वर दोन टक्के. तो आकडा तिने सांगितला, मी रुपयात केला आणि नंतर म्हटलं करायला नको होता.

आपल्याकडे काय? खाजगी नोकरीत वयावरून भेदभाव करू नका असा स्वतंत्र कायदा नाही. ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे, पण तो मुलांनी आई-बापाला सांभाळावं याचा. म्हणजे आपल्या लेखी म्हातारा हा घरात असतो, कामावर नसतो. राहिली पेन्शन. ईपीएस ९५ या नोकरदारांच्या पेन्शन योजनेत माझी महिन्याला १,१८७ रुपये बसते. पेन्शनचा पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर, हे सूत्र मी लोकांना तेवीस वर्षं समजावून सांगितलं असतं, पण योजनाच १९९५ ची. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपये आहे, आणि ती साडेसात हजार करा म्हणून म्हातारी माणसं आंदोलनं करतायत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाते तेव्हा अंगठ्याचा ठसा मशिनवर उमटत नाही. तेवीस वर्षं टाइपरायटर बडवल्यावर उमटेल कसा. मग डोळ्याचं मशिन आणतात.

बेबीने घाई केली नाही. तक्ता घेऊन वकीलबाईंकडे गेली. वयांची बेरीज-वजाबाकी झाली, पत्र गेलं. नुसत्या यादीने काही सिद्ध होत नाही असं त्या बाई स्पष्ट म्हणाल्या. पण यादी हातात असलेल्या माणसाशी कंपनी जरा सांभाळून बोलते, हेही म्हणाल्या. शेवटी विम्याचे आठ महिन्यांचे हप्ते कंपनी भरणार असं कबूल झालं. त्रेचाळिसाव्या दिवशी तिने सही केली.

परवा व्हिडिओ कॉल केला, सातातला पाचवा दिवस होता. तिचं चाललं होतं, मागे घेऊ का राहू दे. मी म्हटलं, थांब, तुला एक दाखवते. एलआयसीच्या फायलीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. त्या रात्री चौथं पान संपलं तेव्हा साहेबांचा फोन चालू होता. पहिले तीन कार्बन मी दिले होते. चौथा घडी करून डब्याच्या पिशवीत टाकला. का, ते मला तेव्हा कळलं नाही. चोरी म्हणायची तर तेवीस वर्षांतली तेवढीच.

खिडकीशी जाऊन तो उजेडात धरला. चष्मा वर केला आणि मोबाइल दुसऱ्या हातात.

"उलटा धरलायस, ताई."

फिरवला.

"हां. आता दिसतंय." ती वाचायला लागली. "एकोणपन्नास… बावन्न… चोपन्न… हे काय, चोपन्न की चव्वेचाळीस?"

"चोपन्न. पेंट शॉप."

"एक्कावन्न… पंचावन्न… सत्तेचाळीस." ती थांबली. "आडनाव बरोबर आहे की तुझं."

"ते मी केलं," मी म्हटलं. "पुढे वाच."